नावाशिवाय स्कॅन केलेला फोटो म्हणजे अर्धाच इतिहास

जयंती जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर जुने फोटो फिरू लागतात. मोर्चा, सभा, पांढऱ्या साडीतल्या बाया. खाली लिहिलेले असते, ‘दुर्मिळ छायाचित्र’. पण फोटोत कोण आहे? कुणालाच माहीत नसते. याला आम्ही जतन म्हणायला तयार नाही.

इंग्रज राजवटीत 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने फोटोंचे आठ खंड निघाले. त्यात बहुतेक फोटोंखाली जातीचे किंवा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाव क्वचितच. राज्यकर्त्यांच्या लेखी समोर बसलेला माणूस म्हणजे फक्त जातीचा नमुना.

आपल्या घरातले फोटो याच्या नेमके उलटे आहेत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. पुढे वस्तीतली लग्ने, विहारांची उद्घाटने, 1978 नंतरचे नामांतराचे मोर्चे यांचे फोटो आपण आपल्यासाठी काढून घेतले. त्यात कुणी नमुना नाही. आत्या आहे, मामा आहे. आता नावे न नोंदवता तेच फोटो स्कॅन केले, तर इंग्रजांनी केले तेच आपण करतो.

यात सर्वांत आधी पुसली जातात ती बायांची नावे. 1989 साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक काढले, ते चळवळीतल्या बायांना प्रत्यक्ष भेटून, विचारून. विचारले म्हणून नावे राहिली. आमच्या घरच्या ट्रंकेत जयंतीचा एक फोटो आहे, त्यात पाच बाया. ओळखणारी आजी होती तेव्हा आम्ही विचारले नाही. आज फोटो स्वच्छ स्कॅन झाला आहे, पण पाचही जणी अनोळखी आहेत.

म्हणून मित्रांनो, कामाचा क्रम बदला. आधी म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. एकेक फोटो दाखवा, मोबाईलवर त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. मग फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. तारीख आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. निगेटिव्ह कडेने धरा, ओल्या फडक्याने पुसू नका. फिल्मची सोय असलेल्या स्कॅनरवर 2400 डीपीआय तरी ठेवा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकट स्कॅन करा. फाइलच्या नावात साल, गाव आणि माणसांची नावे लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बारीक होतो, म्हणून मूळ फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ फोटो, निगेटिव्ह फेकू नका.

स्कॅनर उद्याही मिळेल. नाव सांगणारी आजी उद्या असेलच असे नाही.

जय भीम!