फलटणची मॅक्सिनमावशी आणि आमचं शहापुरी ‘पानी’

मी शहापूरचा, आजोळ मुरबाडकडचं. घरी आम्ही ‘पानी’ म्हणतो, ‘डोला’ म्हणतो. शाळेत ‘पाणी’ आणि ‘डोळा’ जमेपर्यंत बऱ्याच छड्या खाल्ल्या. वर्गात ठाकर आणि कातकरी पाड्यांवरची मुलं होती, त्यांची तर प्रत्येक ओळच ‘अशुद्ध’ निघायची. दिवाळीनंतर त्यांतली काही आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, आणि परत आली की मागच्या बाकावर गप्प बसायची. हळूहळू यायचीच बंद झाली.

मग हे ‘शुद्ध’ ठरवलं कोणी? इथे जरा इतिहासात शिरावं लागतं. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली. मेजर कँडी शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासत बसायचे. साहेबांच्या हाताशी शास्त्रीमंडळी होती, त्यामुळे पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची बोली ती ‘प्रमाण’ झाली आणि क्रमिक पुस्तकांतून गावोगाव पोचली. गंमत म्हणजे ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरच्या सातव्या खंडात (१९०५) आगरी, ठाकरी, कातकरी, वारली या आमच्याकडच्या बोलींची रीतसर नोंद आहे, नमुन्यांसकट! सरकारी ग्रंथात ती बोली, आणि सरकारी शाळेत तीच चूक.

आता साठेक वर्षं पुढे येऊ, आणि शहापूरहून थेट सातारा जिल्ह्यात फलटणला जाऊ. ऊस, बाजार, जुनं संस्थान, असं हे शेतीवरचं गाव. मॅक्सिन बर्नसन नावाची अमेरिकन बाई १९६१ साली भारतात आली आणि १९६६ मध्ये भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी फलटणला राहायला गेली. अभ्यास झाला की लोक परत जातात. ही राहिली, पुढे भारतीय नागरिकत्वही घेतलं. गावाने तिला ‘मॅक्सिनमावशी’ करून टाकलं.

तिचा पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रबंध (१९७३) फलटणच्या बोलण्यावरच आहे. एकाच गावात वेगवेगळ्या थरांतले लोक मराठी कसं वेगवेगळं बोलतात, हे तिने तपासलं. मला वाटतं, परकी असल्याचा इथे फायदाच झाला असणार. आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे ‘पानी’ कानावर पडलं की आधी बोलणाऱ्याची जात आणि इयत्ता मनात येते. मराठी बाहेरून शिकणाऱ्याला मात्र आधी उच्चार ऐकावा लागतो. १९७५ साली जाई निंबकरांबरोबर तिने मराठीचं व्याकरण आणि मराठी-इंग्रजी कोशही केला. साहेबांचे कोश राज्य चालवायला होते, हे काम गावात राहून झालेलं.

पण ती कागदावर थांबली नाही. १९७८ च्या सुमारास, शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित मुलांसाठी तिने वर्ग सुरू केले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा. ज्यांचं नाव शाळेला आहे त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी! मुंबईत केईएममध्ये १९५० साली ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण त्यांनीच सुरू केलं.

तुम्ही म्हणाल, गोऱ्या बाईचं इतकं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. परदेशी माणसाने मोडकंतोडकं मराठी बोललं तर आपण टाळ्या वाजवतो, आणि कातकऱ्याच्या पोराने स्वतःची मराठी बोलली तर छडी उगारतो. परकेपणाची ही सवलत त्या पोराला त्याच्याच तालुक्यात मिळत नाही. मावशीला ती आपोआप मिळाली असेल. तिने ती कुठे खर्च केली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्या धंद्यातली उपमा देतो. युनिकोड रुळायच्या आधी एका फॉन्टमधली मराठी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसता कचरा दिसायचा. फाइल धड असायची, वाचणाऱ्या मशीनकडे तो फॉन्ट नसायचा. आमच्या वर्गात नेमकं हेच चाललं होतं, फक्त ‘करप्ट’ हा शिक्का मुलावर बसायचा.

शिक्षणहक्क कायदा (२००९) म्हणतो की शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर ‘मराठी माध्यम’ एवढ्याने ते भागत नाही. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी. नोकरी, अर्ज, कोर्टकचेरी सगळं तिच्यातच आहे. पण सुरुवात मुलाच्या बोलीतून व्हावी, आणि त्यासाठी मास्तरांना ती निदान कळायला हवी. अमेरिकेहून आलेल्या बाईला फलटणची मराठी शिकता आली. आमच्या पाड्यावर येणारे मास्तर तर बहुतेक शेजारच्या जिल्ह्यातलेच असतात. त्यांना कातकरी शिकायला कितीसा वेळ लागेल?