मुळातील पहारेकरी थराची ओळख

अहिवारा ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो छत्तीसगडच्या भातपट्ट्याचा भाग. भाताच्या मुळाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर वर्तुळात वर्तुळे दिसतात. पण रंग दिल्याशिवाय कोणता थर कोणता, हे सांगणे अवघड असते. थरांची ओळख त्यांच्या पेशीभित्तिकांत दडलेली असते.

१८६५ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅस्परी यांनी मुळाच्या अंतस्त्वचेचे वर्णन ‘संरक्षक आवरण’ असे केले. तिच्या पेशींना कमरपट्ट्यासारखी वेढणारी भित्तिकेतील पट्टी आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पेशींच्या फटींतून झिरपणारे पाणी व क्षार या पट्टीपाशी अडतात. पुढे जायचे तर पेशीपटल ओलांडावेच लागते.

ही पट्टी कशाची बनलेली आहे? लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन फ्लोरोग्लुसिनॉल व हायड्रोक्लोरिक आम्लाने लालसर होते, हे १८७८ मध्ये युलिउस वीझनर यांनी दाखवले. बुचातील मेणचट सुबेरिन सुदान रंजकांनी रंगते. मात्र जून मुळांत अंतस्त्वचेवर सुबेरिनचाही थर चढतो, त्यामुळे नुसत्या रंगावरून निवाडा होईना. अखेर २०१२ मध्ये अरॅबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीवर निर्णायक प्रयोग झाला. सुबेरिन नष्ट केले तरी अडसर टिकला. लिग्निनची निर्मिती रोखली तेव्हा मात्र तो उभाच राहिला नाही. पट्टी मुख्यतः लिग्निनची ठरली.

भातात असे दोन पहारे आहेत : बाहेरच्या बाजूला बाह्यस्त्वचा, आत अंतस्त्वचा. जपानमधील संशोधक जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ व २००७ मध्ये सिलिकॉनची वाहतूक करणारी दोन प्रथिने शोधली. एक या दोन्ही थरांतील पेशींच्या बाहेरच्या अंगाला, तर दुसरे आतल्या अंगाला असते. २००८ मध्ये उघड झाले, की पाणी साचलेल्या मातीतील आर्सेनाइटही याच दारांतून आत शिरते.

दुर्गच्या शेजारच्या राजनांदगाव परिसरात, अंबागड चौकी भागातील भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. सिलिकॉन भाताला हवेच. म्हणून दार सरसकट बंद करता येत नाही. विष नेमके कोणत्या थरात, पेशीच्या कोणत्या अंगाने शिरते, हे कळल्याखेरीज त्याला अडवण्याचा मार्ग शोधता येणार नाही. म्हणूनच दीडशे वर्षांपूर्वी टिपलेल्या त्या बारीकशा पट्टीचा प्रश्न आज थेट ताटातल्या भातापर्यंत येऊन पोहोचला आहे.