खानदेशातील मातीच्या लहान मूर्ती

खानदेशातील मातीच्या लहान मूर्ती म्हणजे महाराष्ट्राच्या नंदुरबार, धुळे आणि जळगाव या जिल्ह्यांत सणावारांसाठी हाताने घडवल्या जाणाऱ्या, साधारणतः वीतभर उंचीच्या मृण्मूर्ती होत. पोळ्याचे बैल, भुलाबाई-भुलोजी, हरतालिकेच्या सखी-पार्वती आणि घरगुती गणपती हे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. भांडी घडवण्यासाठी लागणारे कुंभाराचे चाक या मूर्तींना लागत नाही. यांतील बहुतेक मूर्ती भाजल्या जात नाहीत. त्या वाळवून रंगवल्या जातात. मूर्ती पाण्यात विरायची आहे की वर्षानुवर्षे टिकायची आहे, यावर तिची माती, जाडी आणि घडण्याची रीत अवलंबून असते.

प्राचीन पुरावे

तापीच्या खोऱ्यातील मातीकाम ताम्रपाषाण काळापर्यंत मागे जाते. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात तापी आणि गोमाई या नद्यांच्या संगमावर असलेल्या प्रकाशे येथे १९५५ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तेथे माळवा आणि जोर्वे परंपरेची रंगीत मृद्भांडी मिळाली. तापीकाठच्याच सावळदा या गावावरून ताम्रपाषाणयुगातील ‘सावळदा संस्कृती’ हे नाव रूढ झाले.

भाजलेली खापरे हजारो वर्षे टिकतात. कच्च्या मातीची मूर्ती मात्र ओलाव्याने पुन्हा माती होते. त्यामुळे न भाजलेल्या मूर्तींचे प्राचीन नमुने क्वचितच मिळतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात मिळालेला नमुना याचा महत्त्वाचा अपवाद आहे. तेथे एका घराच्या जमिनीखाली पुरलेल्या मातीच्या पेटीत कच्च्या मातीची शिरविहीन स्त्रीमूर्ती आणि बैल मिळाला. पेटीत झाकलेली असल्यामुळे ही मूर्ती टिकून राहिली.

प्रकार

पोळ्याचे बैल: श्रावण अमावास्येला पोळा साजरा होतो. ज्या घरी बैल नाहीत, तेथे मातीच्या बैलांची पूजा केली जाते. विदर्भातील तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी बैल मिरवतात.

भुलाबाई: भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरी पौर्णिमेपर्यंत खानदेश आणि वऱ्हाडात मुली भुलाबाई मांडून गाणी म्हणतात. भुलाबाई आणि भुलोजी ही पार्वती आणि शंकर यांची लोकरूपे मानली जातात. त्यांची मातीची जोडी बसलेल्या स्थितीत घडवून भडक रंगांनी रंगवली जाते.

गणपती आणि हरतालिका: भाद्रपदात पूजल्या जाणाऱ्या या मूर्ती ‘पार्थिव’, म्हणजे पृथ्वीच्या मातीपासून केलेल्या, असाव्यात असा संकेत आहे. नंदुरबार शहरातील गणेशमूर्ती लगतच्या गुजरात आणि मध्य प्रदेशातही विक्रीसाठी जातात.

सीमेपलीकडे गुजरातमधील छोटा उदेपूर आणि पोशिना या भागांत आदिवासी समाज नवसाचे मातीचे घोडे देवस्थानी वाहतात. हे घोडे झाडाखाली उघड्यावर ठेवले जात असल्याने ते भाजलेले असतात. त्यांचे पोकळ भाग चाकावर काढून नंतर हाताने जोडण्याची रीत आहे.

माती

खानदेशातील काळी माती बेसॉल्ट खडकापासून बनलेली असून ती ओली झाली की फुगते आणि वाळताना मोठ्या प्रमाणात आकसते. केवळ काळ्या मातीची मूर्ती त्यामुळे तडकते. यासाठी नदीचा किंवा तळ्याचा गाळ घेऊन त्यात राख, बारीक वाळू किंवा घोड्याची लीद मिसळली जाते. लिदीतील तंतूंमुळे माती धरून राहते. गणेशमूर्तींसाठी शाडू वापरतात; हा प्रामुख्याने गुजरातमधून येतो. शाडूची मूर्ती गुळगुळीत होते, परंतु वाळल्यावर ठिसूळ असते. मातीशिल्पाच्या स्टुडिओत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेली तयार माती वापरली जाते. या चुऱ्यामुळे आकसणे कमी होते.

घडण

घडवण्यापूर्वी माती तुडवून आणि मळून एकजीव केली जाते. लहान मूर्तींसाठी चार पद्धती प्रचलित आहेत: एकाच गोळ्यातून अवयव ओढून काढणे, गोळ्यात अंगठा दाबून पोकळी करणे, मातीच्या वळ्या एकमेकींवर रचणे आणि लाटलेल्या पट्ट्या जोडणे. पोळ्याचा बैल सहसा पहिल्या पद्धतीने होतो. पाय आणि वशिंड मूळ गोळ्यातूनच काढल्यास सांधे कमी राहतात.

शिंगे, कान, सोंड यांसारखे भाग वेगळे जोडताना दोन्ही पृष्ठभागांवर ओरखडे काढून त्यांना पातळ कालवलेली माती लावली जाते. जोडल्या जाणाऱ्या भागांतील ओलावा सारखा नसल्यास ते कमी-अधिक आकसतात आणि सांधा सुटतो. वाळलेल्या धडाला ओले शिंग न टिकण्याचे कारण हेच आहे.

वाळवण आणि भाजणी

मूर्ती प्रथम सावलीत वाळवली जाते. पातळ भाग लवकर वाळत असल्याने त्यांवर ओलसर फडके ठेवतात. न भाजायची मूर्ती भरीव असली तरी चालते. भाजायची मूर्ती मात्र अर्धवट वाळल्यावर आतून कोरून पोकळ केली जाते आणि तिला छिद्र ठेवले जाते. आत राहिलेल्या पाण्याची १०० अंश सेल्सियसच्या पुढे वाफ होऊन मूर्ती फुटू शकते. म्हणून सुरुवातीला आच मंद ठेवतात.

सुमारे ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते. त्यानंतर ती माती पाण्यात पुन्हा कालवता येत नाही. कुंभाराच्या पारंपरिक आव्यातील तापमान साधारणतः ७०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. त्यामुळे भाजलेली मूर्ती मातीचीच असली, तरी विसर्जनानंतर ती विरघळत नाही.

प्लॅस्टरच्या मूर्ती आणि सद्यस्थिती

साच्यात ओतून केलेली प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती वजनाला हलकी असते, लवकर तयार होते आणि वाहतुकीत कमी फुटते. तिच्यापुढे हाताने घडवलेली मातीची मूर्ती महाग पडते. मात्र प्लॅस्टर पाण्याशी संयोग पावून जिप्सम बनते आणि पाण्यात अत्यंत सावकाश विरघळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाबाबत २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना मे २०२० मध्ये सुधारल्या आणि त्यांत प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली.

मातीच्या मूर्तीवरही तैलरंग किंवा वार्निशचा थर दिल्यास पाणी आत शिरण्यास वेळ लागतो आणि रंगातील घटक पाण्यात उतरतात. यामुळे विसर्जनाच्या मूर्तींसाठी गेरू, हळद, चुना यांसारखे रंग सुचवले जातात.