तंबूतलं वैकुंठ

१९३८ साल धरा. इंदापुरात माघातली गार रात्र. गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू लागलाय, मागे ऑइल इंजिन धडधडतंय. मधे दोर बांधून बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. तुम्ही घोंगडी अंथरून जमिनीवर बसलाय. पडद्यावर प्रभातचा ‘संत तुकाराम’.

तुकोबा तुम्हाला कुणी सांगायला नको. आषाढात देहूची पालखी बारामतीवरून याच वाटेनं गेली, बेलवाडीचं रिंगण तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच तुम्ही जरा पारखायला बसलाय. पडद्यावर धान्याचा पाऊस पडतो. ज्वारीची खळी तुडवलेल्या माणसाला खोटी रास लगेच कळते, पण तुम्ही काही बोलत नाही. रीळ बदलायला दिवे लागतात तेव्हा शेजारचा म्हातारा तेवढा ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणून घेतो. शेवटी गरुडाच्या रूपातलं विमान येतं, तुकोबा त्यात बसतात. बायकांच्या बाजूला हात जोडले गेलेत.

आता दोन वर्षं मागे या. पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत. इथं वैकुंठाला लाकूड, कापड, रंग आणि सरस लागतो. अशा दृश्यांची तेव्हाची रीत फार कष्टाची. कॅमेऱ्यापुढचा थोडा भाग काळ्यानं झाकायचा, चित्रण करायचं, फिल्म मागे फिरवायची आणि त्याच पट्टीवर उरलेला भाग घ्यायचा. कॅमेरा केसभर हलला की चमत्काराची फजिती झाली म्हणून समजा. फिल्म धुऊन येईपर्यंत काय साधलं ते कुणालाच ठाऊक नसतं.

दिग्दर्शक दोघे. पेणचे विष्णुपंत दामले आणि कागलचे शेख फत्तेलाल, सगळ्यांचे साहेबमामा. फत्तेलाल मुळात चित्रकार. तुकोबांचं वैकुंठ एका मुसलमान चित्रकाराच्या देखरेखीखाली उभं राहिलं, याचं प्रभातमध्ये कुणाला नवल वाटत नव्हतं. माझं मत विचाराल तर त्यांची खरी करामत विमानात नाही, त्याआधीच्या घरात आहे. ती भिंत, ती चूल, आजारी पोरापायी देवावर पायताण उगारणारी तुकोबांची बायको जिजाई. हे घर खरं वाटलं, म्हणून विमान पचलं. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही या चित्रपटाचा गौरव झाला, आणि तिथं तर वारी कुणी पाहिलेली नव्हती.

आणखी मागे, कोल्हापूरला चला. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी परदेशी यंत्रावर न विसंबता दामल्यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा बांधलाय. दामले आणि फत्तेलाल इथंच, पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार होताहेत. सुतारकाम, रंगकाम, कॅमेरा, रसायनं, जे समोर येईल ते शिकायचं. कुठल्याच कामाला वेगळा विभाग नाही, वेगळं नाव नाही.

१९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात याच कंपनीचा ‘सैरंध्री’ लागतो. तुम्ही बाकावर बसता. भीम कीचकाला मारतो आणि ते इतकं हुबेहूब दिसतं, की प्रेक्षागृहात आरडाओरडा होतो. अखेर तो प्रसंग चित्रपटातून काढून टाकावा लागतो. पेंटरांच्या हाताखालच्या या दोघांना माणसं घाबरवता येतात, हे आता सिद्ध झालंय. विश्वास बसवायला अजून सोळा वर्षं लागणार आहेत.