नको असलेलें पत्र आणि त्याचा बंदोबस्त

पत्र हातीं आलें म्हणजे तें कोणाचें, खरें कीं बनावट, आणि तें वाचण्यांत वेळ घालवावा कीं नाहीं, हे तीन प्रश्न माणसापुढें पूर्वापार उभे आहेत. संगणकांच्या जाळ्यांतून जाणाऱ्या ई-मेलच्या बाबतींत तेच प्रश्न आज फार मोठ्या प्रमाणांत उपस्थित झाले आहेत. कोणीं न मागतां हजारों-लाखों लोकांस एकदम धाडलेल्या ई-मेलला ‘स्पॅम’ म्हणतात. जगांतील एकूण ई-मेलपैकीं निम्म्याच्या आसपास ई-मेल या जातीची असते, असें तिच्यावर नजर ठेवणाऱ्या संस्थांचे अहवाल सांगतात. तिच्याविरुद्ध योजलेले उपाय बहुतेक परदेशांत निघाले. तथापि त्यांचें मर्म समजण्यास सातारा-सांगलीकडील जुन्या पत्रव्यवहाराइतका चांगला वाटाड्या दुसरा मिळणें कठीण.

शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ सालीं साताऱ्यास झाला आणि पुढें पेशवाईचीं वस्त्रें देण्याचा अधिकार साताऱ्याच्या गादीकडे राहिला. त्या काळच्या राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटवीत आणि मजकूर जेथें संपला तेथें मोर्तब करीत. मुद्रेवरून पत्र कोणाचें तें कळे. मोर्तबामुळें शेवटच्या ओळीखालीं कोणास नवें अक्षर घुसडतां येत नसे. शिवाय पत्राची नोंद दप्तरांत झाली म्हणजे त्यावर ‘बार’ असा शेरा पडे, आणि पुढें शंका निघाल्यास ताळा पाहण्याची सोय राही. पत्राची ओळख पटविण्याची ही एक पुरी व्यवस्थाच होती.

दुसरा बंदोबस्त खर्चाचा होता. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १८०१ सालीं मिरजेहून वेगळे होऊन सांगलीस आपली राजधानी केली. पटवर्धन घराण्याचा पत्रव्यवहार किती विपुल होता हें वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेंत बसून संपादिलेल्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’वरून दिसून येतें. असें प्रत्येक पत्र जासुदानें पायीं किंवा सांडणीस्वारानें न्यावें लागे, आणि त्याचा भार पत्र धाडणाऱ्यावर पडे. त्यामुळें अनोळखी माणसांस एकच मजकूर शेंकड्यांनीं धाडण्याचें कोणाच्या मनांतही येणें शक्य नव्हतें. १८५४ सालीं इंग्रजी टपालानें हिंदुस्थानभर पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्ध्या आण्याचें तिकीट ठरविलें आणि बिनतिकिटाच्या पत्रास दुप्पट आकार लावला. पत्र स्वस्त झालें खरें, पण फुकट झालें नाहीं.

परंतु मुद्रेची नक्कल होऊं शकते, आणि नांव तर कोणाचेंही घालतां येतें. साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्या प्रकरणांत याचा दुःखद अनुभव आला. गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर आणि नागपूरचे पदच्युत अप्पासाहेब भोंसले यांच्याशीं गुप्त पत्रव्यवहार केल्याचे आरोप इंग्रज सरकारनें त्यांच्यावर ठेवले. पुराव्यादाखल जीं पत्रें पुढें आलीं तीं बनावट आहेत, असें महाराजांचा पक्ष अखेरपर्यंत सांगत राहिला. त्याच प्रकरणांत, कैदेंतील गोविंदराव दिवाण यांच्या मातोश्री गिरजाबाई यांच्या नांवानें सरकारकडे एक अर्ज गेला होता. तो आपणच लिहिला, असें कृष्णाजी सदाशिव भिडे यांनीं पुढें कबूल केलें. महाराजांस उघड चौकशी मिळाली नाहीं. सप्टेंबर १८३९ मध्यें त्यांना गादीवरून दूर करून काशीस पाठविण्यांत आलें व तेथेंच १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. रंगो बापूजी यांनीं १८४० ते १८५३ पर्यंत लंडनमध्यें राहून त्यांची बाजू मांडली; पण मध्यंतरीं १८४८ सालीं राज्यच खालसा झालें. पत्राच्या शहानिशेंत हयगय झाली म्हणजे निरपराधाच्या पदरीं काय येऊं शकतें, हें या हकीकतीवरून ध्यानीं येतें.

ई-मेलची रचना झाली तेव्हां मुद्रा आणि तिकीट हीं दोन्ही बंधनें तींत नव्हतीं. मे १९७८ मध्यें गॅरी थर्क या अमेरिकन विक्रेत्यानें ‘अर्पानेट’ जाळ्यावरील सुमारें चारशें लोकांस आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. जाळ्यावरील मंडळी थोडीं व बहुतेक परस्परांच्या ओळखीचीं असल्यामुळें तक्रार होतांच त्याला तंबी मिळाली. जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं ई-मेल पोंचविण्याचे नियम लिहिले तेही अशाच विश्वासाच्या वातावरणांत. प्रेषक जें नांव सांगेल तें खरें मानावयाचें, आणि एक पत्र धाडा कीं लाख धाडा, खर्च जवळजवळ सारखाच. पुढें हें जाळें सर्वांस खुलें झालें. भारतांत विदेश संचार निगमानें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्यांस उपलब्ध केलें. ओळखीच्या चार माणसांत चालणारा व्यवहार अशा रीतीनें कोट्यवधि अनोळखी लोकांच्या हातीं गेला.

पहिला उपाय चौकी-पहाऱ्याचा निघाला. ज्या संगणकांतून स्पॅम निघते त्यांची काळी यादी पॉल व्हिक्सी यांनीं १९९७ सालीं सुरू केली, आणि त्या यादींतील ठिकाणाहून आलेली ई-मेल घेण्याचें अनेकांनीं बंद केलें. २००३ सालीं दुसरी युक्ति पुढें आली. अनोळखी सर्व्हरकडून पत्र आलें तर ‘थोड्या वेळानें पुन्हां या’ असें सांगावयाचें. प्रामाणिक सर्व्हर पुन्हां येतो. लाखांनीं पत्रें उधळणारा बहुधा थांबत नाहीं. मात्र काळ्या यादींत एकाच सर्व्हरवरील चोरासह सावही अडकतो, हा तिचा मोठा दोष होय.

दुसरा उपाय तिकिटाचा. सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांनीं १९९२ सालीं अशी कल्पना मांडली कीं, प्रत्येक पत्राबरोबर प्रेषकाच्या संगणकानें एक किचकट गणित सोडवून दाखवावें. अॅडम बॅक यांची ‘हॅशकॅश’ ही योजना १९९७ ची. एका पत्रास कांहीं क्षण लागले तर कोणाचें अडत नाहीं; दहा लाख पत्रांस मात्र तें तिकीट भारी पडेल, असा हिशेब होता. तो फसला, कारण स्पॅम धाडणारे दुसऱ्यांचेच संगणक गुपचूप ताब्यांत घेऊन काम करूं लागले; तिकिटाचा पैसा त्यांच्या खिशांतून जाणार नव्हता. नोव्हेंबर २००८ मध्यें अशा ताब्यांतील संगणकांस हुकूम पोंचविणारी ‘मॅककोलो’ ही अमेरिकेंतील कंपनी जाळ्यापासून तोडतांच जगांतील स्पॅम एकदम कमी झाली, यावरून या धंद्याचीं सूत्रें किती थोड्या हातांत होतीं तें दिसून आलें.

तिसरा उपाय पत्र वाचून पारखण्याचा. अठराव्या शतकांतील इंग्रज धर्मोपदेशक टॉमस बेझ यांच्या संभवशास्त्रावर आधारलेली चाळणी पॉल ग्रॅहम यांच्या २००२ सालच्या लेखामुळें लोकप्रिय झाली. कोणता शब्द नको असलेल्या पत्रांत अधिक आढळतो व कोणता हव्या असलेल्या पत्रांत, हें यंत्र मालकाच्याच पत्रांवरून शिकतें आणि नव्या पत्राचा संभव मांडतें. आजच्या चाळण्या याहून पुष्कळ पुढें गेल्या असल्या तरी अनुभवावरून शिकण्याचें तत्त्व तेंच आहे.

चौथा उपाय म्हणजे मुद्रेचें पुनरागमन. ‘एसपीएफ’ या पद्धतींत प्रत्येक संस्था आपल्या नांवानें पत्र धाडण्याचा अधिकार असलेल्या सर्व्हरांची यादी जाहीर करते. २००७ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेल्या ‘डीकेआयएम’मध्यें पत्रावर गणिती मुद्रा उमटते, मुद्रित मजकुरांत वाटेंत बदल झाला तर ती जुळत नाहीं, म्हणजे मुद्रा व मोर्तब यांचें काम एकत्रच होतें. ‘डीमार्क’ या तिसऱ्या नियमानें, ओळख न पटलेल्या पत्राचें काय करावें याची आज्ञा संस्थाच देऊन ठेवते आणि तिला त्याचे अहवालही मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं मोठ्या संख्येनें पत्रें धाडणाऱ्यांवर हे नियम आणि सहज नांव कमी करण्याची सोय बंधनकारक केली. तरीही मुद्रा केवळ ओळख सांगते, नियत सांगत नाहीं. खऱ्या नांवासारखें दिसणारें दुसरें नांव नोंदवून ठकालाही त्यावर रीतसर मुद्रा उमटवितां येते. म्हणून चाळणी व पहारा यांची गरज उरतेच.

कायद्याची मदत भारतांत मर्यादित राहिली. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ च्या दुरुस्तीनें घातलेल्या ६६-अ या कलमांत त्रासदायक व प्रेषकाविषयीं दिशाभूल करणाऱ्या ई-मेलचा समावेश होता; परंतु त्याची व्याप्ति इतकी सैल होती कीं, भाषणस्वातंत्र्यास बाधक म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं तें कलम रद्द केलें. नको असलेलें पत्र थांबवितांना बोलणाऱ्याचें तोंडच बंद होऊं नये, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे.

हीच काळजी यंत्राच्या चाळणीबाबतही घ्यावी लागते. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्यास गिऱ्हाइकाच्या नांवानें बँकेचा नवा खातेक्रमांक कळविणारी बनावट ई-मेल आली आणि ती चाळणींतून सुटली, तर वर्षाची कमाई बुडूं शकते. उलट साताऱ्याच्या एखाद्या विद्यार्थ्यास आलेलें नोकरीचें खरें पत्र ‘स्पॅम’च्या कप्प्यांत पडून राहिलें, तर ती संधि परत येत नाहीं. पहिल्यासाठीं, पैसे धाडण्यापूर्वीं ओळखीच्या दूरध्वनीवर खातरजमा करून घ्यावी. दुसऱ्यासाठीं, तो कप्पा अधूनमधून स्वतः उघडून पाहावा. येथील बँका, कारखाने व विद्यालयें यांनीं आपल्या नांवाची मुद्रा रीतसर नोंदवून ठेवणें हें तर त्यांचें कर्तव्यच आहे. यंत्राचा निर्णय कितीही जलद असला तरी पत्राची अखेरची शहानिशा माणसानेंच करावयाची असते.