सावंतवाडीची शांतता आली कुठून?

मोती तलावाच्या एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला बाजार, वर नरेंद्र डोंगराची झाडी आणि पूर्वेला सह्याद्री. असे गाव मुळापासूनच निवांत असणार, असा समज सहज होतो. इतिहास वेगळे सांगतो. घाटमाथा आणि वेंगुर्ले बंदर यांच्या वाटेवरचे हे संस्थान पोर्तुगीज, कोल्हापूरकर आणि इंग्रज यांच्या झगड्यात पिढ्यान्‌पिढ्या होरपळले. १८१२ मध्ये वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले, १८३८ मध्ये कारभारही गेला आणि १८४४ मध्ये मनोहरगडाच्या मुलखात बंड पेटले. ते शमल्यावर, १८६९ मध्ये आंबोली घाटातून गाडीरस्ता झाला आणि बेळगाव-वेंगुर्ले मालाची मोठी वाहतूक वाडीतून सुरू झाली. आजचा बांधीव मोती तलाव साधारण १८७४ चा मानला जातो, म्हणजे ऐन वर्दळीच्या काळातला. ही वर्दळ ओसरली ती १८८० च्या दशकात. रेल्वे गोव्यातल्या मुरगाव बंदरापर्यंत पोहोचली, माल तिकडे वळला आणि घाटरस्त्याचा भार हलका झाला. वाडीची शांतता ही अशी व्यापाराने वाट बदलल्यानंतरची आहे.

यावर कोणी म्हणेल, हिरवाई तर पावसाची देणगी. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळतो. खरे आहे, पण तो पाऊस कोकणात थांबत नाही. जांभा पाणी मुरवतो, नद्या ते काही तासांत समुद्राला नेतात आणि वैशाखात विहिरी तळ गाठतात. भर गावात पाणी दिसते ते बांध घातला म्हणून. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: व्यापार गेला तो गावाचे नुकसान करून, त्यात मोहिनी कसली? हेही नाकारता येत नाही. इथली माणसे पलटणीत गेली, मुंबईला गेली. चितार आळीतल्या, म्हणजे रंगारी कारागिरांच्या गल्लीतल्या, लोकांची कामे आटली. चिंचोक्याची खळ लावून थर चढवलेल्या गोल पानांवर दहा अवतार रंगवायचे, प्रत्येकाची बारा पाने, असा १२० पानांचा दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा खेळ जवळजवळ संपलाच होता. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना बसवले म्हणून तो वाचला. नुसत्या शांततेने काहीच जपले गेले नसते. जपले ते माणसांनी, जाणूनबुजून.

आज वाटेने गावाला वगळण्याची पुन्हा तीच वेळ आहे. रेल्वेस्थानक मळगावला, चौपदरी महामार्ग झारापहून पत्रादेवीकडे गावाबाहेरून जातो आणि गोव्याची गर्दी वाडी न पाहताच पुढे निघते. तुम्ही त्या वाटेने जात असाल, तर गाडी गावात वळवा, आणि तलावाचे छायाचित्र काढून निघून न जाता चितार आळीतून लाकडी फळांची एक परडी तरी विकत घ्या.