गोड्या पाण्यातील दुर्मिळ रिबन कृमी
रिबन कृमींच्या सुमारे १३०० ज्ञात जातींपैकी बहुतेक सागरी आहेत. गोड्या पाण्यात मोजक्याच आढळतात. ‘प्रोस्टोमा जेनिंग्सी’ ही त्यांतील अतिशय दुर्मिळ जात. गिब्सन व यंग यांनी १९७१ मध्ये तिचे वर्णन केले, तेही इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील क्रॉस्टनजवळच्या एका तळ्यातील नमुन्यांवरून. माणसाच्या आतड्यातील पट्टकृमी निराळा. हा मुक्तपणे वावरणारा शिकारी जीव आहे. त्याची सोंड आतड्याच्या वर, द्रवाने भरलेल्या पोकळीत दडलेली असते. भक्ष्य जवळ येताच स्नायूंच्या दाबाने ती हातमोज्याचे बोट उलटावे तशी बाहेर पडते आणि टोकाशी आलेला काटा भक्ष्यात रुततो. प्रोस्टोमा प्रजातीतील कृमी उभयलिंगी असतात. मात्र ज्ञात वस्ती एकाच तळ्यापुरती असल्याने, ते बुजले किंवा दूषित झाले तर ही जातच संपण्याचा धोका आहे.